‘इव्हिल’ आणि ‘विकेड’ : एका शब्दभेदाचे वैचारिक मूल्य

नैतिकदृष्ट्या निंद्य वर्तनाचे वाचक असलेले इंग्रजी शब्द अनेकदा परस्परांचे पर्याय मानले जातात. ‘सिन’मध्ये ईश्वराज्ञेचा भंग आणि ‘व्हाइस’मध्ये अंगी मुरलेला दुर्गुण अभिप्रेत असल्याने त्यांतील भेद सहज ध्यानात येतो. परंतु ‘इव्हिल’ व ‘विकेड’ या दोहोंसाठी मराठीत सर्रास ‘दुष्ट’ हाच प्रतिशब्द योजला जातो. हॅना आरेन्ट यांच्या लेखनाचा विचार करताना ही ढिलाई महागात पडते.

‘विकेड’ हा शब्द प्रामुख्याने कर्त्याच्या हेतूचा व वृत्तीचा निर्देश करतो. ‘इव्हिल’ची व्याप्ती त्याहून अधिक आहे. ते व्यक्तीत असेल, तसेच कृत्यात, व्यवस्थेत वा परिणामातही असू शकते. आरेन्ट यांचा सिद्धान्त याच भेदावर उभा आहे. लाखो ज्यूंना मृत्युछावण्यांकडे पाठविण्याची व्यवस्था पाहणाऱ्या आइखमनवर १९६१ मध्ये जेरुसलेम येथे खटला चालला. त्यावरील ‘आइखमन इन जेरुसलेम’ (१९६३) या ग्रंथात त्यांनी आइखमनच्या विचारशून्यतेवर बोट ठेवले. पुढे १९७१ च्या ‘थिंकिंग अँड मॉरल कन्सिडरेशन्स’ या निबंधात, घोर ‘इव्हिल’ घडण्यासाठी कर्ता ‘विकेड’ असणे आवश्यक नाही, अशी भूमिका त्यांनी मांडली. दोन्ही ठिकाणी ‘दुष्ट’ हाच शब्द घातल्यास हे विधान आत्मविसंगत ठरते.

बेटिना श्टांगनेट यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जर्मन ग्रंथात अर्जेंटिनातील ध्वनिमुद्रणे व टिपणांच्या आधारे आइखमन हा कट्टर ज्यूद्वेष्टा असल्याचे दाखविले. त्यामुळे आइखमनविषयीचे आरेन्ट यांचे निदान डळमळीत होते, हे मान्य केले पाहिजे. मात्र शब्दभेद त्यामुळे बाद होत नाही. ‘तो विचारशून्य नव्हे, तर ‘विकेड’ही होता’ हा आक्षेप घेण्यासाठीही दोन भिन्न संज्ञा लागतातच.

मराठीला ही सोय नवी नाही. ज्ञानेश्वरांच्या पसायदानात ‘खळ’ आणि ‘दुरित’ हे शब्द स्वतंत्रपणे येतात. पहिला माणसाविषयी आहे, तर दुसरा विश्वातील अमंगलाविषयी. दोन्ही परंपरांची तात्त्विक पार्श्वभूमी भिन्न असली, तरी ‘इव्हिल’साठी ‘दुरित’ आणि ‘विकेड’साठी ‘दुष्ट’ असा संकेत अध्यापनात स्वीकारता येईल. अन्यथा दुष्ट माणूस सापडला नाही म्हणजे दुरितही घडले नाही, असा भ्रम विद्यार्थ्यांच्या मनात रुजण्याचा धोका संभवतो.