शुद्धलेखनाचे कोश आणि संपादनाचा विवेक

मराठीत संहिता-संपादन शिकू पाहणाऱ्या अभ्यासकाच्या हाती जी संदर्भसाधने येतात, ती बहुतांशी शुद्धलेखनाची असतात. मो. रा. वाळंबे यांची व्याकरण व लेखनविषयक पुस्तके, अरुण फडके यांचा ‘मराठी लेखन-कोश’ आणि यास्मिन शेख यांचा ‘मराठी शब्दलेखनकोश’ ही त्यांतील महत्त्वाची नावे. त्यांची उपयुक्तता वादातीत आहे. ‘कवी’ सुटा असता दीर्घ व ‘कविसंमेलन’ या समासात ऱ्हस्व, हा निर्णय त्यांच्या आधारे तत्काळ होतो. मात्र कोश शब्दाचे रूप सांगतो. ते रूप एखाद्या संहितेत लागू करावे की नाही, हे सांगत नाही.

या मर्यादेचे मूळ नियमांतच आहे. साहित्य महामंडळाचे नियम १९६२ साली शासनमान्य झाले व १९७२ मध्ये त्यांत भर पडली. केशवसुतांपूर्वीचे पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांपूर्वीचे गद्य मुळाप्रमाणे छापावे, त्यानंतरचे, या दोघांच्या लेखनासह, प्रचलित नियमांनुसार छापावे, असा एक नियम त्यांत आहे. वस्तुतः हा शुद्धलेखनाचा नियम नव्हे, संपादनाचा निर्णय आहे; आणि त्याचे समर्थन तेथे दिलेले नाही. जुन्या लेखनात ‘मी करीं’ आणि ‘तो करी’ हा पुरुषभेद अनुस्वाराने दाखविला जाई. कर्ता अध्याहृत असलेल्या वाक्यातला तो अनुस्वार काढला, की ‘करी’ कोणाविषयी आहे हे केवळ संदर्भावर सोडावे लागते. हरिभाऊ आपट्यांची कादंबरी नव्याने छापताना असा बदल नियमाला धरून होतो. तो निमूटपणे झाला, तर वाचकाला त्याचा पत्ताही लागत नाही.

जुडिथ बुचर यांचे ‘कॉपी-एडिटिंग’ (केंब्रिज, १९७५) हे पुस्तक येथे तुलनेसाठी उपयोगी पडते. वर्णलेखन हा त्याचा एक भाग आहे. अवतरणे, तळटीपा, संदर्भसूची, आकृत्या, निर्देशसूची यांचाही ते सविस्तर विचार करते. संपादन हे दुरुस्तीपेक्षा व्यापक कार्य आहे, ही धारणा त्या मांडणीतच अंतर्भूत आहे.

त्या पुस्तकाचे भाषांतर करून मराठीची गरज भागणार नाही. बोलीतील संवाद, जुन्या संहिता आणि लेखकाची हेतुपुरस्सर नियमबाह्य रूपे यांबाबत हस्तक्षेपाची सीमा कोठे आखावी, आणि केलेल्या बदलाची नोंद कशी ठेवावी, हे उदाहरणांसह शिकविणारा ग्रंथ हवा. तो नसेल, तर प्रत्येक नव्या आवृत्तीगणिक संहिता निर्दोष दिसू लागेल आणि तिचा भाषिक इतिहास पुसट होत जाईल.