९४ टक्के जुळलं, म्हणजे नक्की काय जुळलं?

सिनॉप्सिससाठी विषय शोधताना 'लघवीतील अमली पदार्थांसाठी दोन इम्युनोअसे पद्धतींची तुलना' हा विषय सोपा वाटतो. दोन किट आणा, नमुने तपासा, टक्केवारी काढा, झालं! पण असे पेपर वाचताना मी चार ठिकाणी अडखळतो. तुम्हीही तिथे थांबा.

पहिलं, टक्केवारी. समजा २०० नमुने आहेत. १८० दोन्ही किटवर निगेटिव्ह, ८ दोन्हींवर पॉझिटिव्ह, आणि ६-६ फक्त एकेका किटवर पॉझिटिव्ह. जुळणी ९४ टक्के. पण निदान एका किटने पॉझिटिव्ह म्हटलेले नमुने २० आणि त्यांतले जुळले फक्त ८. कॅपा काढलात तर ०.५४ येतो. म्हणजे ९४ हा आकडा निगेटिव्हच्या गर्दीने फुगवलेला.

दुसरं, कट-ऑफ. अनारशावरच्या खसखशीतही थोडं मॉर्फिन असू शकतं, आणि ते लघवीत उतरतं. मुख्यतः याच अडचणीमुळे अमेरिकेत सरकारी कर्मचाऱ्यांच्या चाचणीत ओपिएटचा कट-ऑफ १९९८ मध्ये ३०० वरून २००० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर केला गेला. आता एक किट ३०० चं, दुसरं २००० चं असेल, तर तुम्ही पद्धतींची नाही, कट-ऑफची तुलना करताय.

तिसरं, अँटिबॉडी कुणाला ओळखते? मराठवाड्यात 'बटन' म्हणून ज्या नशेच्या गोळ्यांच्या बातम्या येतात, त्यांत नायट्राझेपामचं नाव वारंवार असतं. लघवीत ते मुख्यतः ७-अमिनोनायट्राझेपाम वगैरे रूपांत उतरतं. बऱ्याच बेंझोडायझेपाइन किटचं कॅलिब्रेशन मात्र ऑक्साझेपाम किंवा नॉरडायझेपामवर केलेलं असतं. ट्रामाडॉल तर ओपिएट किटवर सहसा दिसतच नाही. त्यामुळे परदेशी पेपरमधली सेन्सिटिव्हिटी जालन्याच्या नमुन्यांना जशीच्या तशी लावू नका. किटसोबतच्या माहितीपत्रकातला क्रॉस-रिॲक्टिव्हिटीचा तक्ता आधी वाचा.

चौथं, आणि माझ्या मते सगळ्यात गंभीर: फक्त पॉझिटिव्ह नमुनेच जीसी-एमएस किंवा एलसी-एमएस/एमएसवर पक्के करणं. यातून खोटे पॉझिटिव्ह कळतात, खोटे निगेटिव्ह कधीच नाही. आणि तरीही निष्कर्षात 'सेन्सिटिव्हिटी ९८ टक्के' लिहिलेलं असतं! दोन्ही किटची अँटिबॉडी एकाच पदार्थाला आंधळी असेल, तर ती दोघं एकमताने चुकतील. पैसे कमी आहेत? मान्य. मग निगेटिव्हमधले निदान काही नमुने चिठ्ठ्या टाकून निवडा आणि तेही पक्के करा. तेवढंही जमत नसेल तर 'सेन्सिटिव्हिटी' हा शब्द वापरू नका, 'जुळणी' म्हणा.

हा शब्दांचा कीस नाही. व्यसनमुक्ती केंद्रातल्या मुलाचा खोटा निगेटिव्ह अहवाल पाहून घरचे निश्चिंत होतात. खोट्या पॉझिटिव्हने एखाद्या ड्रायव्हरची नोकरी जाते. तुमच्या तक्त्यातल्या त्या १२ नमुन्यांमागे १२ माणसं आहेत. पेपरमध्ये त्यांचं पुढे काय झालं हे लिहिलंय का, ते आधी शोधा.