राजधानीतील परराष्ट्रनीतीचे शिक्षण : ऐकीव आणि लेखी

परराष्ट्रनीतीचा अभ्यास केवळ ग्रंथालयात बसून पुरा होत नाही, निर्णय जेथे घेतले जातात त्या राजधानीतच तो झाला पाहिजे, ही भूमिका अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास दृढ झाली. पॉल नित्झे व ख्रिश्चन हर्टर यांनी १९४३ साली वॉशिंग्टन येथे आंतरराष्ट्रीय विषयांच्या प्रगत अध्ययनासाठी संस्था काढली. १९५० साली ती जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात समाविष्ट झाली. त्याच शहरातील अमेरिकन विद्यापीठाने १९४७ साली ‘वॉशिंग्टन सत्र’ सुरू केले. इतर महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी एक सत्र राजधानीत राहावे व राज्यकारभार चालविणाऱ्यांशी परिसंवाद करावा, हा त्यामागील हेतू होता. अशा अभ्यासक्रमांस कालांतराने कचेऱ्यांतील उमेदवारीची जोड मिळाली. परिसंवाद आणि उमेदवारी ही जोडी आता इतकी रूढ झाली आहे की तिचे गुणावगुण तपासण्याची गरज फारशी कोणास वाटत नाही.

या पद्धतीचा मुख्य दावा सान्निध्याचा आहे. तो कितपत टिकतो? राष्ट्रीय सुरक्षा परिषदेचे ६८ क्रमांकाचे टिपण एप्रिल १९५० मध्ये तयार झाले. शीतयुद्धातील अमेरिकी लष्करी सज्जतेस दिशा देणाऱ्या या टिपणाच्या रचनेत प्रमुख वाटा नित्झे यांचा होता. त्या वेळी ते परराष्ट्र खात्याच्या धोरण-नियोजन विभागाचे प्रमुख होते. संस्थापकाच्या हातचा हा मजकूर संस्था होती त्याच शहरात होता. तथापि १९७५ साली त्यावरील गोपनीयता उठेपर्यंत तो विद्यार्थ्यास वाचावयास मिळणे शक्य नव्हते. तब्बल पंचवीस वर्षे वॉशिंग्टनमधील विद्यार्थी आणि नागपुरातील विद्यार्थी त्या मजकुरापासून सारख्याच अंतरावर होते.

मग परिसंवादात मिळते ते काय? अधिकारी येतो, आपले नाव कोठे देऊ नये अशी अट घालतो व मोकळेपणाने बोलतो. लंडनच्या चॅटम हाउसने हा संकेत १९२७ सालीच नियमबद्ध केला. मोकळेपणासाठी तो आवश्यक असेलही. परंतु ज्या विधानाचा कर्ता सांगता येत नाही, ते संशोधनात पुरावा म्हणून उभे राहू शकत नाही. याहून सूक्ष्म अपाय सर्वनामाचा होय. इंग्रजीतील ‘वुई’ या एकाच शब्दात ऐकणारा धरला आहे की वगळला आहे, हे कळत नाही. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा भेद बोलणाऱ्यास करावाच लागतो. अधिकाऱ्याचे ‘वुई’ पहिल्या आठवड्यात विद्यार्थ्यास ‘आम्ही’ असे ऐकू येते. सत्र संपता संपता ते ‘आपण’ झालेले असते, आणि त्याच्या निबंधातही तेच उतरते. ज्या शासनाच्या धोरणाची चिकित्सा करावयाची, त्याच्याच वतीने तो बोलू लागतो.

उमेदवारीकडे प्राध्यापकवर्ग किंचित तुच्छतेने पाहतो. वस्तुतः तिच्यातील कारकुनी कामच सर्वांत शिकविणारे आहे. परराष्ट्र खात्यात एखादा मसुदा निरनिराळ्या विभागांकडे संमतीसाठी फिरतो. प्रत्येक विभाग एखादे विशेषण काढतो, एखादे क्रियापद सौम्य करतो. ‘मंत्री ठरवितात’ याचे ‘ठरविण्यात आले आहे’ कसे होते, कर्ता वाक्यातून नेमका कोणत्या टेबलावर गळून पडतो, हे पाहिलेला विद्यार्थी पुढे कोणताही सरकारी मजकूर निराळ्या डोळ्यांनी वाचील. दुर्दैव एवढेच की ही संधी सर्वांस सारखी मिळालेली नाही. परराष्ट्र खात्यातील उमेदवारी अमेरिकी नागरिकांपुरती, आणि २०२२ साली वेतन देण्याची योजना सुरू होईपर्यंत बहुतांशी बिनपगारी. वॉशिंग्टनसारख्या महाग शहरात बिनपगारी राहणे कोणत्या घरच्या मुलांस परवडले असेल, हे सांगावयास नको.

राजधानीत ऐकलेले व छापील यांची गाठ पडते ती मुख्यतः संसदीय समित्यांच्या जाहीर सुनावण्यांत. जॉर्ज केनन यांनी १९४७ साली ‘एक्स’ या नावाने लिहिलेल्या लेखातून ‘कंटेनमेंट’, म्हणजे थोपवून धरणे, हा शब्द प्रचारात आला व पाहता पाहता त्यास लष्करी अर्थ चिकटला. फेब्रुवारी १९६६ मध्ये फुलब्राइट यांच्या सेनेट समितीपुढे साक्ष देताना त्याच केनन यांनी व्हिएतनाममधील युद्ध वाढविण्यास विरोध केला. आपणांस राजकीय अर्थ अभिप्रेत होता, हा खुलासा त्यांनी १९६७ च्या आत्मवृत्तात केला. ज्याने तो लेख आधी शब्दशः वाचला होता, त्यास ती साक्ष म्हणजे शब्दाच्या मालकीवरून चाललेला वाद वाटला असेल. न वाचलेल्यास एका निवृत्त मुत्सद्द्याचे मतप्रदर्शन.

असे वाचन राजधानीतील अभ्यासक्रमांत सहसा सक्तीचे नसते. उमेदवारीचे गुण बहुधा अनुभवाच्या दैनंदिनीवर व कचेरीतील वरिष्ठाच्या अभिप्रायावर दिले जातात. त्यांऐवजी एकाच निवेदनाचे जाहीर रूप, त्यावरील सुनावणीची छापील कार्यवाही आणि त्याच विषयावरील जुने, गोपनीयता उठलेले टिपण शेजारी ठेवून वाक्यागणिक फरक नोंदविण्यास सांगितले, तर परीक्षकाचे काम वाढेल. दैनंदिनी तपासणे त्या मानाने सोपे आहे.