दोन दिनारांचा हिशेब

मराठी रंगभूमीने वार्धक्याकडे पाठ फिरवली, असे कोणी म्हणू शकणार नाही. १९७० साली कुसुमाग्रजांचे 'नटसम्राट' रंगमंचावर आले आणि पोटच्या मुलांच्या घरात परके झालेल्या गणपतराव बेलवलकरांनी महाराष्ट्राला रडवले. त्याच दशकात जयवंत दळवींच्या 'संध्याछाया'तील नाना-नानी आले. त्यांचा एक मुलगा अमेरिकेत, दुसरा हवाई दलात, आणि घरात कोणी तरी बोलायला यावे म्हणून दोघे आसुसलेले. पुढे १९८५मध्ये महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'त काळाचे भान हरपलेली दादी आली. या तिन्ही नाट्यकृतींविषयी आम्हांला नितांत आदर आहे. 'नटसम्राट'मधील स्वगते तोंडपाठ म्हणणारे दोघे-तिघे सहाध्यायी आमच्या सेमिनरीतही होते, आणि त्यांतल्या एकाचा आवाज तर अजून कानांत आहे.

तरीही या नाटकांच्या वाचनानंतर एक प्रश्न मागे उरतो. त्यांत म्हाताऱ्या माणसाचे दुःख आहे, स्वाभिमान आहे, एकाकीपण आहे. पण त्याच्या देहाची रोजची निगा जवळजवळ नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला रात्री दर दोन-तीन तासांनी कुशीवर वळवावे लागते, नाही तर पाठीला जखमा होतात. घास मऊ करून भरवावा लागतो, बेडपॅन द्यावे लागते, रागाच्या भरात उगारलेला हात सोसावा लागतो. हे कोण करते आणि त्या माणसाच्या हातावर महिन्याच्या शेवटी काय पडते? आमच्या नाटककारांनी मुलगा कृतज्ञ की कृतघ्न, एवढाच खटला चालवला. आरोपीच्या पिंजऱ्यात मुलगा, सून, लेक. साक्षीदार म्हणून उभी राहू शकणारी ती कामाची बाई कोणी बोलावलीच नाही.

याचा परिणाम रंगमंचापुरता राहिलेला नाही. कुटुंबांच्या भेटी घेताना आम्हांला तो घरोघर जाणवतो. आईसाठी चोवीस तासांची बाई ठेवली, हे सांगताना मुलाची मान खाली जाते. जणू त्याने आईला घराबाहेर काढले. शेजारीपाजारीही म्हणतात, 'पैसे फेकले की झाले!' या उद्गारात आईविषयी कळवळा असेल, पण पैसे घेऊन रात्र जागवणाऱ्या बाईविषयी तो एक अपमानच आहे.

येथे लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातील दयाळू शोमरोनी आठवावा. आपण त्याची दया ऐकतो, त्याचे तेल आणि द्राक्षारस ऐकतो. पण गोष्ट तेथे संपत नाही. तो त्या जखमी माणसाला उतारशाळेत नेतो, रात्रभर स्वतः त्याची काळजी घेतो आणि दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या रक्षकाच्या हातावर दोन दिनार ठेवतो. द्राक्षमळ्याच्या दाखल्यात दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी आहे, म्हणजे हे दोन दिवसांचे मोल झाले. वर आणखी खर्च झाला तर परत आल्यावर देण्याचे वचन. प्रभू येशूने ज्याला शेजारी म्हटले, त्या शेजाऱ्याने शुश्रूषा पैसे देऊन करवून घेतली आहे! मात्र तीन गोष्टी नजरेआड करू नयेत: आधी त्याने स्वतःच्या हाताने जखमा बांधल्या, रक्षकाला पैसे आगाऊ दिले आणि परत येण्याचे सांगितले. पैसे पाठवून वर्षभर न फिरकणाऱ्या मुलाला या दाखल्याचा आधार घेता येणार नाही.

अलीकडच्या कलाकृतींत या विषयाच्या सर्वांत जवळ गेला तो सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' हा २०१३चा चित्रपट. संस्कृतचे पंडित डॉ. चक्रपाणी शास्त्री स्मृतिभ्रंशाने ग्रासले आहेत. एका हत्तीच्या मागे ते भान हरपून चालत जातात आणि माहुताच्या बायकोच्या, चन्नम्माच्या, ओंजळीत पडतात. डॉ. मोहन आगाशे यांचा अभिनय असा, की पाहणाऱ्याला आपल्या घरातला माणूस दिसावा. बेन सिराच्या ग्रंथात, बापाची बुद्धी क्षीण झाली तरी त्याला सांभाळून घे, असा उपदेश आहे. त्या उपदेशातील थकवा या चित्रपटात इराच्या रूपाने दिसतो. लेकीच्या थकव्याला दिग्दर्शकांनी दोष दिला नाही, हे त्यांचे मोठेपण. अमृता सुभाष यांना चन्नम्माच्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो सर्वथा योग्यच.

पण चन्नम्माची माया फुकट आहे. पंडिताची विद्या तिला ठाऊक नाही. तिला तो लेकरासारखा वाटतो, म्हणून ती भरवते. प्रसंग अतिशय सुंदर आहे आणि तेवढ्याच कारणाने थोडा धोक्याचाही आहे. गरीब बाईच्या ठायी माया उपजतच असते, असे आपण सोयीने धरून चालतो, आणि मग त्याच मायेच्या आधारावर तिचा पगार कमी ठरवतो, रविवारची सुट्टी कापतो. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नये, हे लेवीय ग्रंथाने सांगितले. पोप तेरावे लिओ यांनी १८९१च्या परिपत्रकात न्याय्य वेतनाचा आग्रह धरला. भगिनी जीन देवोस यांनी १९८५मध्ये घरकामगारांची राष्ट्रीय चळवळ उभारली. महाराष्ट्राने २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा अधिनियमही केला. कायदा आला, शिकवण तर आधीपासूनच होती. पण आमच्या कथा-कादंबऱ्यांत या बाईचा पगार अजून क्वचितच दिसतो.

हिंगोलीकरांना हा विषय परका वाटू नये. १९९९मध्ये परभणीपासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात नरसी आहे, संत नामदेवांचे परंपरेने मानले गेलेले जन्मस्थान. त्यांच्या घरी लहानपणापासून राहून राबणारी गंगाखेडची जनाबाई स्वतःला अभिमानाने नामयाची दासी म्हणवते. तिच्या अभंगांत दळण, कांडण, शेण-गोवऱ्या सारे आहे, आणि तिच्या जात्याला हात लावायला प्रत्यक्ष विठ्ठल येतो. घरात राहून कष्टणाऱ्या बाईने स्वतःच्या कामाविषयी स्वतः लिहावे, ही घटना या मातीत सातशे वर्षांपूर्वी घडली. तिला मजुरी काय मिळत होती, हे मात्र भक्तांनी विचारले नाही.

आज सेनगाव, औंढा, कळमनुरीच्या खेड्यांतून माणसे कामासाठी पुण्या-मुंबईकडे जातात. काही बायका तेथे कोणाच्या आईला सांभाळतात आणि त्यांची स्वतःची आई गावी जावेच्या भरवशावर असते. दोन म्हाताऱ्यांची ही गोष्ट अद्याप कोणी लिहिली नाही. दिल्लीजवळ गुडगावच्या एका घरात काम करणाऱ्या बेबी हालदार यांना प्रबोध कुमार यांनी वही-पेन दिले, आणि 'आलो आंधारि' हे आत्मकथन २००२ साली हिंदीत प्रसिद्ध झाले. आमच्या मराठवाड्यातील एखाद्या बाईने रात्रपाळीच्या जागरणात आठ-दहा पाने लिहिली, तर भाषा शुद्ध नसली तरी संपादकांनी ती जशीच्या तशी छापावीत, आणि तिला मानधनही द्यावे.