तानपुरा म्हणजे गोंगाट नव्हे : घरच्या रेकॉर्डिंगसाठी साउंड कार्ड निवडताना

 

मागच्या व्याख्यानानंतर सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न होता, "घरी गाणं रेकॉर्ड करायचंय, कुठलं साउंड कार्ड घेऊ?" ठाण्यातून आला, कल्याणहून आला, डोंबिवलीहून तर तीन-चारदा आला. आज त्याचंच उत्तर द्यायचंय. पण आधीच सांगून ठेवतो, कंपनीचं नाव सांगणार नाही. (हशा) कार्ड पारखायचं कसं, तेवढं सांगणार आहोत. आणि त्यासाठी आधी एक गोष्ट सांगायला हवी.

डोंबिवली पूर्वेला एक बाई आहेत. वय अठ्ठ्याहत्तर, आयुष्यभर गाणं शिकवलं. त्यांच्या शिष्या आमच्याकडे फोनवरची रेकॉर्डिंग्ज घेऊन आल्या. बाईंच्या बंदिशी जपून ठेवायच्या होत्या. आम्ही ऐकायला बसलो. आवाज स्वच्छ होता, पंख्याची घरघर नाही, खालच्या रिक्षा नाहीत. पण बाई दोन आवर्तनांमध्ये थांबल्या की तानपुराही थांबायचा, नळ बंद केल्यासारखा. त्यांनी पुन्हा सूर लावला की मागे पुसटसा परत यायचा. तानपुऱ्यावर बसलेली मुलगी काही थांबली नव्हती. तानपुरा फोनने पुसला होता.

असं का होतं, बघा. फोन मुळात बोलण्यासाठी केलेला आहे. जो आवाज चढउतार न होता सतत चालू राहतो तो गोंगाट, असं त्यातल्या यंत्रणेला शिकवलेलं असतं. पंखा सतत, एसी सतत, आणि तानपुराही सतत. तिच्या लेखी तिघे एकाच जातीचे. दुसरी करामत म्हणजे आवाजाची पातळी आपोआप सारखी करणं. हळू गायलात तर ती वाढवते, जोरात गायलात तर दाबते. म्हणजे खर्जातला आलाप आणि तारसप्तकातली तान एकाच उंचीवर येऊन बसतात. व्हिडिओ कॉलवर हे ठीक आहे. ख्यालात चढणं हेच तर गाणं असतं.

तानपुरा हरवण्याची ही पहिली वेळ नाही. १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यात आला आणि नोव्हेंबरमध्ये गौहरजान यांचं गाणं तबकडीवर गेलं. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. कर्ण्यात तोंड घालून गायचं, तेही तीनेक मिनिटांत. कर्ण्याला जवळचा जोरकस आवाज तेवढा कळायचा. मागचा तानपुरा त्यात जवळजवळ उतरतच नसे. १९२५ च्या सुमारास विजेवरचं रेकॉर्डिंग आलं, तेव्हा कुठे मागचे बारीक आवाज पकडता येऊ लागले. त्या काळी यंत्राची ताकद कमी होती, म्हणून तानपुरा गेला. आज यंत्राची हुशारी जास्त आहे, म्हणून जातोय. आमची टीका आहे ती या हुशारीवर.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच : आपल्या गाण्यासाठी कार्ड चांगलं तेच, जे मध्ये पडून काही सुधारत नाही.

आता कार्डाकडे येऊ. पूर्वी साउंड कार्ड संगणकाच्या पोटात बसायचं. आज आपण ज्याला कार्ड म्हणतो ती यूएसबीने जोडायची बाहेरची पेटी असते, दुकानदार तिला ऑडिओ इंटरफेस म्हणतात. ती मायक्रोफोनचा क्षीण सिग्नल वाढवते, त्याचे आकडे करते, आणि ऐकताना आकड्यांचा पुन्हा आवाज करते. विंडोजवर तिचा स्वतःचा आसिओ ड्रायव्हर वापरायचा, म्हणजे विंडोजची आवाज 'सुधारणारी' सोय वाटेत येत नाही.

खोक्यावरचे आकडे बघून बरेच जण फसतात. "१९२ किलोहर्ट्झ आहे, घेऊन टाका!" अहो, माणसाचा कान फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो. ४८ किलोहर्ट्झवर रेकॉर्ड केलं तर २४ पर्यंतचं सगळं उतरतं. १९२ घेतलंत तर फाइल चौपट होते, गाणं होत नाही. २४ बिटचा मात्र खरा उपयोग आहे. त्यात इतकी जागा मिळते की पातळी मुद्दाम खाली ठेवता येते. सगळ्यात जोरकस तानही उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी बटणं लावा. मग बाई रंगात आल्या तरी आवाज फाटत नाही.

मग पारखायचं काय? तीन गोष्टी.

पहिली, शांतता. कंडेन्सर मायक्रोफोन लावायचा तर कार्डावर ४८ व्होल्टची सोय हवी. ती देऊन, गेन नेहमी लागतो तेवढा ठेवून, कुणीही न गाता एक मिनिट रेकॉर्ड करा आणि हेडफोनवर ऐका. खसखस ऐकू येते का? गुणगुण येते का? आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ही गुणगुण ५० आणि १०० वर बसते. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा. गुणगुण गेली तर दोष बहुधा अर्थिंगचा किंवा चार्जरचा, कार्डाचा नाही. जुन्या इमारतींत हे फार होतं. कार्ड बदलून आणण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

गुणगुण घालवण्यासाठी मायक्रोफोनवरचं ८० हर्ट्झखालचं कापणारं बटण मात्र डोळे झाकून दाबू नका. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाच्या तानपुऱ्याची खर्जाची तार साधारण ६९ हर्ट्झवर असते. म्हणजे गोंगाट कापायला गेलात आणि खर्जाचं मूळच कापून आलात!

दुसरी, थेट ऐकणं. गाणाऱ्याला हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज संगणकातून फिरून येत असेल तर तो उशिरा येतो. बफर ५१२ नमुन्यांचं असेल तर ४८ किलोहर्ट्झवर जाताना जवळजवळ ११ मिलिसेकंद आणि येताना तेवढेच. हवेत आवाजाला सात मीटर जायला लागतो, इतका हा वेळ. म्हणजे स्वतःचाच गळा खोलीपलीकडून ऐकू आल्यासारखं. पेटीवर डायरेक्ट मॉनिटरचं बटण असेल तर हा फेराच टळतो. ते नसेल तर ते कार्ड घेऊ नका.

तिसरी, दोन स्वतंत्र इनपुट. एक गळ्याला, एक तानपुऱ्याला किंवा पेटीला. अशी कार्डं दहा-पंधरा हजारांच्या टप्प्यात मिळतात, आणि घरच्या कामाला त्याहून महाग घेण्याचं कारण आम्हाला दिसत नाही.

संगणकाचं तर आणखी सोपं. दोन ट्रॅकना आठ जीबी रॅमचा साधा लॅपटॉप पुरतो. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर एका ट्रॅकचा एक तास म्हणजे साधारण अर्धा जीबी. सॉफ्टवेअर म्हणून ऑडॅसिटी फुकट आहे, रीपर स्वस्त आहे, दोन्ही चालतील. लॅपटॉपचा पंखा ऐकू येत असेल तर लॅपटॉप पॅसेजमध्ये ठेवा. यूएसबीची साधी वायर पाच मीटरपर्यंत चालते. फक्त सॉफ्टवेअरमधलं सूर दुरुस्त करणारं खातं उघडू नका. ते सहसा पियानोच्या समान अंतराच्या स्वरांवर लावलेलं असतं. तानपुऱ्याच्या तारेतून आपसूक उमटणारा गंधार त्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट खाली असतो. यंत्र त्याला बेसूर ठरवतं आणि वर ओढतं. पुन्हा तीच सुधारण्याची खोड.

कुणी म्हणेल, "मग गाडीचा आवाज, लाउडस्पीकर, शेजारची मिक्सी, हे सगळं पण उतरणार की!" उतरणार. प्रश्न रास्त आहे. प्रामाणिक कार्ड तुमची खोलीही प्रामाणिकपणे दाखवतं. त्यावर इलाज खोलीतच करायचा. सतरंजी, गोधड्या, पुस्तकांचं कपाट, उघड्या दाराचं कपड्यांचं कपाट. मायक्रोफोन गळ्यापासून वीतभर-दीड वीत. रुळांच्या बाजूची खिडकी बंद. शेवटच्या लोकलनंतर बसावं म्हणाल, तर मालगाड्या रात्रीच जातात. (हशा) तरीही आम्ही म्हणू, गाण्यामागे पुसटशी लोकल राहिली तर राहू द्या. ती नंतर थोडीफार कमी करता येईल. पुसलेला तानपुरा परत आणता येत नाही.

आणि पैसे नसतील तर? तर फोनच वापरा. पण असं ॲप शोधा, ज्यात आपोआप पातळी आणि गोंगाट कमी करणं, दोन्ही बंद करता येतं आणि फाइल वेव्हमध्ये ठेवता येते. कार्ड घेण्याची वाट बघत थांबू नका. जुन्या शिक्षकांचे गळे आपल्यासाठी थांबत नाहीत.

बाईंचं पुढे काय झालं ते सांगून थांबतो. शिष्यांनी दोन इनपुटचं साधं कार्ड आणलं. लॅपटॉप पॅसेजमध्ये, चार्जर काढलेला, भिंतीला गोधड्या. दीड तास सलग गाणं झालं. मग बाईंना हेडफोन दिला. आम्हाला वाटलं, आता कौतुक होणार. बाईंनी दोन मिनिटं ऐकलं आणि तानपुऱ्यावरच्या मुलीला म्हणाल्या, "अगं, खर्जाची तार उतरलीय तुझी. कळलं नाही होय गं?"

फोनवरच्या सगळ्या रेकॉर्डिंगमध्ये ही चूक कधी ऐकूच आली नसती. ज्या कार्डावर गुरूला चूक पकडता येते, ते कार्ड घ्या.

आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेपासून सुरुवात करू या.