समुद्र, कणसरी आणि 'अध्यात्म'

गाण्यात समुद्र आला, चंद्र आला, झाड आले, की आपले सौंदर्यवादी समीक्षक त्यात आत्मा शोधू लागतात. ब्राझीलमधील दोरिवाल कायमी (१९१४–२००८) याच्या दर्यागीतांतील इयेमांजा ही समुद्रदेवताही याच चष्म्यातून पाहिली, तर ती नुसती 'निसर्गाशी एकरूपता' वाटेल. परंतु ही देवता बाहिया प्रांतात आली ती पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या योरुबा माणसांबरोबर. गुलामगिरी १८८८ साली संपली. तरी तिच्या उपासकांना बाहियात १९७६ पर्यंत पोलिसांत नोंद करावी लागे. जिच्या पूजेवर पोलिसांची पाळत होती, तिचे गाणे निव्वळ निसर्गगीत कसे असेल?

हा प्रश्न मुरबे–सातपाटीच्या किनाऱ्यावर अधिक टोकदार होतो. येथील मांगेला मच्छीमार नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देतो. त्याआधीचे पावसाळी दिवस नावा किनाऱ्यावर ओढलेल्या, हातात पैसा नाही, असे गेलेले असतात. शांत हो, ही विनवणी मोक्षाची नव्हे. ती रोजीची आणि जिवाची आहे. रेडिओने, सिनेमाने मात्र कोळीगीतातला शृंगार तेवढा उचलला आणि बुडालेली नाव मागे टाकली. कायमीही या दोषातून सुटत नाही. जोर्जे आमादूच्या कादंबरीवरून सुचलेल्या त्याच्या एका प्रसिद्ध गाण्यात समुद्रातले मरण गोड ठरते. किनाऱ्यावर वाट पाहणाऱ्या बाईला ते गोड वाटेल काय?

किनाऱ्यापासून थोडे आत, डोंगराकडे गेले की वारल्यांची गाणी भेटतात. येथे लग्न ब्राह्मण लावीत नाही, धवलेरी लावते. पालघट देवीचा चौक सुवासिनी लिहितात आणि धवलेरी गाते. बाईच्या तोंडी धर्माचा अधिकार असलेली ही परंपरा आपल्या अभ्यासक्रमांत 'लोककला' म्हणून कोपऱ्यात बसते. घांगळीवर गायिली जाणारी कणसरी ही तर प्रत्यक्ष धान्यच. सावकार-जमीनदारांच्या वेठीत राबणाऱ्या, १९४५ साली त्याविरुद्ध उठलेल्या माणसांनी धान्याला देवता मानले. भुकेचा हिशेब त्यांना ठाऊक होता.

येथे आंबेडकरी वाचक विचारील, आम्ही आत्मा नाकारला, देव नाकारला. मग कणसरीचे काय करायचे? 'बुद्ध आणि त्याचा धम्म' (१९५७) वाचलेल्याने हा प्रश्न टाळू नये. भगताच्या अंगात येणाऱ्या देवाची भलामण मी करणार नाही. पण श्रमातून आलेली कृतज्ञता आणि श्रम करणाऱ्याला जन्माने हीन ठरवणारे अध्यात्म, या दोन गोष्टींना एकाच तराजूत घालणे ही वैचारिक आळशीपणाची खूण आहे. पहिल्या गोष्टीची चिकित्सा करावी, दुसरीशी मात्र लढावेच लागते.

आता या समुद्रावर नवी गरज चालून आली आहे. वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. मुरब्यालाही बंदराचा प्रस्ताव आहे आणि मच्छीमार विरोधात उभे आहेत. उद्या भराव पडल्यावर याच गाण्यांची ध्वनिमुद्रिका 'सांस्कृतिक वारसा' म्हणून उद्घाटनाला वाजेल. तेव्हा नारळ कुठे सोडायचा, हे त्या समीक्षकांनी सांगावे.