पाथरीचें कुळकर्ण व दोन परदेशी तवारीखकार

अहमदनगरच्या निजामशाहीचें मूळ पाथरीच्या ब्राह्मण कुळकर्ण्यांच्या घराण्यांत आहे, ही गोष्ट इतिहासाच्या वाचकांस नवी नाहीं. ब्रिग्जसाहेबानें फिरिस्त्याच्या तवारिखेचें इंग्रजी भाषांतर इ. स. १८२९ मध्यें प्रसिद्ध केलें, तेव्हांपासून ती एका ग्रंथांतून दुसऱ्या ग्रंथांत उतरत आली आहे. ज्यास दक्षिणेंतील मुसलमानी राज्यांत स्वदेशी रक्त दाखवावयाचें असतें तो ती पुढें करितो. ज्यास तीं राज्यें केवळ परकी ठरवावयाचीं असतात तो ती गाळून जातो. परंतु ही गोष्ट सांगणारा साक्षीदार कोण, तो कोणत्या दरबारीं बसून लिहीत होता, आणि ‘स्वदेशी’ व ‘परदेशी’ या अर्थाचे शब्द त्याच्या काळीं कशास लावीत, हें पाहण्याचे कष्ट दोघेही घेत नाहींत. आमच्या मतें पाथरी प्रकरणाचें खरें महत्त्व याच प्रश्नांत आहे.

पाथरी हें परभणी जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव. गोदावरीच्या उत्तरेस तें वसलेलें आहे. अकबराच्या वऱ्हाड सुभ्यांत त्याच नांवाचें एक सरकार होतें व ऐन-इ-अकबरींत त्याची नोंद आहे. फिरिस्त्याच्या कथनाचा सारांश असा : मलिक हसन याचें मूळ नांव तिमापा व बापाचें नांव भैरू. अहमदशहा बहमनीच्या कारकीर्दींत (इ. स. १४२२–१४३६) विजयनगरवरील स्वारींत हा बहमनी फौजेच्या हातीं सांपडला, मुसलमान करण्यांत आला, आणि राजपुत्राच्या सहवासांत फारशी-अरबी शिकून पुढें निजाम-उल्-मुल्क बहरी या पदवीस पोंचला. त्याचा मुलगा अहमद यानें इ. स. १४९० मध्यें स्वतंत्र राज्य स्थापिलें. या घराण्याचे पूर्वज पाथरीचे कुळकर्णी असून कांहीं कारणानें ते वतन सोडून विजयनगरच्या मुलखांत गेले होते. अहमदाचा मुलगा बुऱ्हाण गादीवर असतां तिकडील भाऊबंद अहमदनगरास आले, व आमचें वतन आम्हांस परत मिळवून द्यावें, अशी त्यांनीं गळ घातली. पाथरी त्या वेळीं वऱ्हाडच्या इमादशाहीकडे होती. निजामशहाचा वजीर मुकम्मलखान यानें तिच्या बदल्यांत दुसरा अधिक उत्पन्नाचा मुलूख देऊं केला, अल्लाउद्दीन इमादशहानें तो नाकारला, तेव्हां इ. स. १५१८ मध्यें बुऱ्हाणानें पाथरी लढून घेतली. पुढें इमादशहानें कुतुबशहाच्या मदतीनें ती परत मिळविली. तेव्हां इ. स. १५२७ च्या सुमारास बुऱ्हाणानें पुन: वेढा घालून ती घेतली, किल्ला जमीनदोस्त केला आणि परगणा आपल्या ब्राह्मण नातलगांस दिला. अकबराच्या काळापर्यंत तो त्यांच्याकडे चालला.

आतां साक्षीदाराकडे वळूं. महंमद कासीम फिरिस्ता याचा जन्म कास्पियन समुद्राजवळील अस्त्राबाद येथें झाला. त्याचा बाप गुलाम अली हिंदुशहा दक्षिणेंत येऊन राजपुत्र मीरान हुसेन याचा शिक्षक झाला, व मुलगा बापाबरोबर लहानपणींच अहमदनगरास आला. म्हणजे पाथरीच्या घराण्याच्या मुळाची हकीकत देणारा हा गृहस्थ स्वत: परदेशीयांपैकीं होता. इ. स. १५८९ मध्यें मीरान हुसेनाचा खून झाल्यावर जमालखानाच्या पुढारपणाखालीं दक्षिणी पक्षानें अहमदनगरांत परदेशीयांची कत्तल केली. तींतून फिरिस्ता वांचला व त्याच वर्षीं विजापुरास गेला. तेथें दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या आश्रयानें त्यानें आपला ग्रंथ लिहिला. ज्या राजघराण्याचें अन्न त्यानें प्रथम खाल्लें, त्याचा इतिहास तो त्याच्या प्रतिस्पर्ध्याच्या दरबारीं लिहीत होता, ही गोष्ट वाचकानें क्षणभरही नजरेआड होऊं देतां कामा नये.

दुसरा साक्षीदार सय्यद अली तबातबा. हाही इराणकडूनच आलेला. प्रथम कुतुबशाहींत होता, नंतर अहमदनगरास आला. त्याच्या ‘बुऱ्हाण-इ-मआसिर’ या ग्रंथाचा पोशिंदा दुसरा बुऱ्हाण निजामशहा (इ. स. १५९१–१५९५). हा बुऱ्हाण स्वत: अनेक वर्षें अकबराच्या आश्रयास राहिलेला, रोहिणखेडच्या लढाईंत जमालखान पडल्यावर त्यास गादी मिळाली आणि परदेशीयांस दरबारचीं दारें पुन: उघडलीं. तबातबाच्या ग्रंथांत निजामशाहीच्या मूळपुरुषाचें नातें बहमनी राजरक्ताशीं जोडलेलें आहे.

दोन्ही ग्रंथ शेजारीं ठेविले म्हणजे एक नियम दिसून येतो. तबातबा आपल्या धन्यास बहमनी वंशांत बसवितो. फिरिस्ता आपल्या धन्याचा मूळपुरुष यूसुफ आदिलशहा यास तुर्कस्तानच्या उस्मानी सुलतानाचा मुलगा ठरवितो, आणि शेजारच्या निजामशहास ब्राह्मण कैद्याचा वंशज म्हणतो. प्रत्येकाचा पोशिंदा राजवंशी, दुसऱ्याचा मात्र गुलाम! मग पाथरीची कथा ही विजापुरी कुचेष्टा समजून टाकून द्यावी काय?

आम्हांस तसें वाटत नाहीं. मूळपुरुषाच्या जन्माविषयींच्या कथा रचणें सोपें असतें, कारण त्यांस साक्षीदार उरलेले नसतात. पाथरीची हकीकत त्या जातीची नाहीं. तींत गांवाचें नांव आहे, हुद्दा आहे, देवघेवीची बोलणीं आहेत, युद्धाचें वर्ष आहे, आणि पुढें अनेक वर्षें चाललेला भोगवटा आहे. इ. स. १५९६ मध्यें चांदबिबीनें वऱ्हाड मोगलांस दिलें, तेव्हां फिरिस्ता हयात व लिहिता होता. पाथरी कोणाकडे चालत होती, ही त्याच्या वाचकांच्या डोळ्यांसमोरची गोष्ट. तींत खोटें घालणें धोक्याचें होतें. म्हणून कुळकर्णाचा भाग विश्वसनीय मानावा. युद्धाचें कारण मात्र केवळ भाऊबंदकीचें प्रेम होतें, असें मानण्याची गरज नाहीं. पाथरी दोन राज्यांच्या सरहद्दीवर होती, आणि तेथील किल्ला शत्रूच्या हातीं असणें अहमदनगरास परवडणारें नव्हतें. नातलगांचा हक्क हा युद्धास मिळालेला सबळ दावा होता.

सर्वांत दुर्बल भाग नांवाच्या व्युत्पत्तीचा. राजपुत्रास ‘भैरू’ उच्चारतां येईना म्हणून ‘बहरी’ झालें, असें फिरिस्ता म्हणतो. परंतु बहरी हें ससाण्याचेंही नांव आहे. आपल्या भाषेंतही ‘बहिरी ससाणा’ रूढ आहे, व मलिक हसनाकडे शिकारी पक्ष्यांचें खातें असल्यामुळें तें नांव पडलें असाही एक पक्ष आहे. तसेंच ‘तिमापा’ हें वाचन. फारशी हस्तलिखितांत ब व प यांचे नुक्ते नकलनविसाच्या मर्जीवर असतात. छापील प्रतीवर विसंबून त्या नांवावरून कुळाची शाखा ठरविणें धाडसाचें होईल.

आतां मुख्य मुद्दा. बहमनी राज्यांतील पक्षभेदाविषयीं सर हेग यांनीं इ. स. १९२८ च्या केंब्रिज इतिहासांत जें लिहिलें, तें वाचून दक्षिणी व परदेशी हीं जन्मानें ठरलेलीं दोन राष्ट्रें होतीं असा ग्रह होतो. पुरावा तसा नाहीं. ‘दक्षिणी’ म्हणविणाऱ्यांपैकीं पुष्कळांचे पूर्वज इ. स. १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकाच्या हुकुमानें दिल्लीहून दौलताबादेस आलेले. हबशी तर आफ्रिकेंत जन्मलेले. पण ते बहुधा दक्षिण्यांच्या बाजूस गणले जात, कारण ते गुलामगिरींतून वर आलेले व बहुतेक सुन्नी होते, आणि दरबारीं त्यांचे प्रतिस्पर्धी इराण-तुराणचे नवे सरदार होते. जन्मभूमि हाच निकष असता तर हबशी परदेशी ठरले असते. हैदराबादचे हारूनखान शेरवानी यांनीं या पक्षांस जुने आलेले व नवे आलेले असें म्हटलें आहे, तें अधिक यथार्थ होय.

त्यांतही पक्षाची रेषा सरळ नव्हती. गिलाणहून आलेल्या महमूद गावानाचा इ. स. १४८१ मध्यें बनावट पत्रावरून शिरच्छेद झाला. तें कारस्थान दक्षिणी पक्षाचा पुढारी मलिक हसन याचें. परंतु त्या कृत्याचा तिटकारा येऊन बादशहापासून ज्यांनीं आपल्या छावण्या वेगळ्या केल्या, त्यांत फतेउल्ला इमाद-उल्-मुल्क व खुदावंतखान हबशी हे होते. या दोघांपैकीं परदेशी पक्षाचा एकही नव्हे. हाच फतेउल्ला इमादशाहीचा संस्थापक, आणि तोही विजयनगरच्या मुलखांतून धरून आणलेला कानडी ब्राह्मणाचा मुलगा. तेव्हां पाथरीच्या तटाखालीं इ. स. १५१८ मध्यें जीं दोन घराणीं लढलीं, तीं दोन्ही विजयनगरहून आलेल्या ब्राह्मण कैद्यांचीं. आणि ही हकीकत आपणांस सांगणारा अस्त्राबादचा. यांपैकीं ‘परकी’ कोणास म्हणावयाचें?

हा नामभेद दक्षिणेपुरताच नाहीं. आयर्लंडांतील इ. स. १८४५ नंतरच्या दुष्काळामुळें तेथील कॅथोलिक लोक अमेरिकेंत मोठ्या संख्येनें गेले, तेव्हां त्यांच्याविरुद्ध तेथें स्वत:स ‘मूळचे अमेरिकन’ म्हणविणारा पक्ष उभा राहिला व इ. स. १८५६ च्या निवडणुकींत त्यानें माजी अध्यक्ष फिलमोर यांस उभें केलें. या ‘मूळच्यां’चे पूर्वज त्याच महासागरावरून थोडे आधीं आलेले, खरे मूळचे जे तांबडे इंडियन, ते त्यांच्या हिशेबांतच नव्हते. ‘मूळचा’ हा शब्द तेथेंही आधीं आलेल्यानें मागाहून येणाऱ्यावर उगारलेलें शस्त्र होता. अशा शब्दांचा शेवट कोठें होतो, हें इ. स. १५८९ च्या अहमदनगरच्या रस्त्यांवर दिसलें. म्हणून इतिहासलेखकानें ते तवारिखेंतून उचलून आपल्या पदरचे म्हणून वापरूं नयेत.

पाथरीच्या कुळकर्ण्यांस हा प्रश्न पडलाच नव्हता, असें दिसतें. हिशेब पाहा. मलिक हसन उशिरांत उशिरा इ. स. १४३६ मध्यें विजयनगरकडे पकडला गेला. म्हणजे घराणें त्यापूर्वींच पाथरी सोडून गेलें होतें. भाऊबंद परतले ते १५१८ च्या आगेंमागें. ऐंशीं वर्षांहून अधिक काळ, निदान तीन पिढ्या, हें कुटुंब परमुलखांत राहिलें, आणि तरीही ‘आमचें वतन’ हा शब्द त्याच्या तोंडून गेला नाहीं. आपल्याकडील महजरांचा ज्यांस परिचय आहे त्यांस यांत नवल वाटणार नाहीं. वतनदार परागंदा झाला तरी त्याचा हक्क बुडत नाहीं; नातू-पणतू परत येऊन गोतापुढें उभा राहिला कीं गोतास त्याचें ऐकावें लागे. वतन हें माणसाच्या मूळचेपणाची आपली जुनी कसोटी होती, व ती धर्मांतरानेंही तुटली नाहीं : मुसलमान झालेल्या शाखेनें ब्राह्मण राहिलेल्या शाखेसाठीं तलवार धरली. हें स्थलांतर १३९६ पासूनच्या दुर्गादेवीच्या दुष्काळामुळें घडलें असावें, हें अनुमान मोहक आहे. परंतु फिरिस्ता कारण देत नाहीं, म्हणून तें अनुमानाच्याच कप्प्यांत ठेविलें पाहिजे.

या प्रकरणाचा निकाल दोन फारशी ग्रंथांवर लागणार नाहीं. पाथरी, मानवत, सेलू, जिंतूर, परभणी या टापूंतील जुन्या कुळकर्णी-देशपांडे घराण्यांच्या दप्तरांत महजर, थळपत्रें, निवाडे, इनामाच्या सनदा व फर्मानांच्या नकला यांचा शोध संग्राहकांनीं घ्यावा. वंशावळ मिळाल्यास तिच्या कागदाची, अक्षरवटिकेची व मोडीच्या वळणाची आधीं परीक्षा करावी. १८२९ नंतर लिहिलेल्या वंशावळींत तिमापाचें नांव आढळलें, तर तो स्वतंत्र पुरावा समजूं नये. छापील ग्रंथ घरांत शिरून घरची आठवण म्हणून बाहेर पडल्याचीं उदाहरणें थोडीं नाहींत. उलट, तिमापाचें नांवही नसलेला, पण पाथरीच्या कुळकर्णाचा इमादशाही-निजामशाही काळांतील भोगवटा दाखविणारा एखादा फाटका निवाडा मिळाला, तर त्याची किंमत सोनेरी अक्षरांच्या शंभर वंशावळींहून अधिक होईल.